मागच्या चाकांत छत्तीस

धुक्यातून ती राखाडी गाडी दुकानासमोर आली, तेव्हा तिने आधी पाहिली ती मागची चाकं. माणसाकडे नंतर पाहिलं, आणि मग जरा जास्तच वेळ पाहिलं… पण हे ती कबूल करायची नाही. टायरच्या दुकानात वाढलेल्या मुलीची नजर आधी खालीच जाते, एवढंच ती म्हणते.

दुकान मामाचं, हात मात्र भाचीचे. मामा गल्ल्यावर बसून गप्पा सांभाळायचा. हवा, पंक्चर, चाकं बदलणं ही सगळी खाती तिच्याकडे.

गाडीतून उतरला तो कोपऱ्यावरचा नवा चष्मेवाला. लोकांचे डोळे तपासायचा, म्हणून की काय, बोलताना थेट डोळ्यांत बघायचा.

"मागच्या चाकांत छत्तीस भरा," तो म्हणाला.

"एकटेच आहात ना? मग तीस पुरे. दारापाशी पट्टी असते बघा, रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा."

"माहीत आहे." तो ओशाळून हसला. "तरी… छत्तीसच."

"जास्त हवेने टायर मधोमध झिजतो. मग पुन्हा माझ्याकडेच यावं लागेल."

"असं असेल तर छत्तीसच."

तिने मान खाली घातली आणि नळी उगाचच दोनदा झटकली. आतून मामाचा आवाज आला, "लोकांचं छत्तीसच्या आकड्याने बिनसतं. इथे उलटंच दिसतंय."

मग तो दर रविवारी सकाळी येऊ लागला. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी, चाललेला टायर तापतो आणि आकडा फुगवून सांगतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तो इतकं मन लावून ऐकायचा की तिला शिकवण्यासारखं काही उरेना.

एका रविवारी त्याने खिशातून डबी काढली. "तुम्ही हवेचं मीटर नाकाला लावून वाचता. दुकानासमोरून जाताना चष्म्याचा नंबर अंदाजे ठरवला. चुकला असेल तर… पुन्हा मलाच तपासावं लागेल."

चष्मा बरोबर बसला. त्याच्या भुवईवरची बारीक खूण तिला पहिल्यांदाच दिसली, आणि छातीत काहीतरी हललं. मग सवयीने नजर खाली गेली आणि तिथेच अडकली.

मागच्या टायरची नक्षी काठापासून काठापर्यंत सारखी झिजली होती. एकटा माणूस छत्तीस हवेवर गाडी चालवतो म्हटल्यावर झीज मधोमध हवी. सारखी झीज एकाच हिशेबाने होते, मागची सीट भरलेली असेल तर. टायर जुनाही नव्हता, गेल्या वर्षी घातलेला.

ती गाडीच्या मागे गेली. तो खाली उभा होता, गाडीत कोणी नव्हतं, आणि तरी गाडीचा मागचा भाग दबलेला होता.

"डिकीत काय भरलंय?"

"स्टेपनी. आणि एक छत्री."

पुढच्या काचा कोरड्या होत्या. मागच्या काचांवर आतून वाफ धरली होती. तिने दार उघडून सीटवर हात ठेवला. ती ऊबदार होती, कोणीतरी नुकतंच सरकून जागा करून दिल्यासारखी. तिने हात झटकन काढून घेतला, आणि का कोण जाणे, पुटपुटली, "माफ करा हं."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. भीती वाटत होती हे खरं. पण पुढच्या रविवारी तो आला नाही तर, ही भीती त्याहून मोठी निघाली.

तो आला. गाडीला टेकून उभा राहिला आणि हातातली किल्ली फिरवत राहिला.

"आज कमी करा हवा," तो म्हणाला. "तीस ठेवा."

"का?"

"दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं सहलीला निघणार होतो. मागचं चाक बसलेलं होतं. मी हवा भरून आणायला गेलो आणि गप्पांत रमलो… त्यांनी वाट पाहिली आणि बसने पुढे निघाले. बस पुलावरून खाली गेली." हातातली किल्ली फिरायची थांबली. "तेव्हापासून गाडी तयार ठेवतो. आई, बाबा, धाकटी बहीण. कधीही निघता यावं म्हणून. टायर बदलले, पण हवा तीच. वेडेपणा आहे, कळतं मला. मागे रिकामी सीट दिसू नये म्हणून आरसासुद्धा छताकडे वळवून ठेवलाय. पण आता मला कोणाला तरी फिरायला न्यायचंय. आधी हे संपवायला हवं ना?"

"कोणाला?"

"जी मीटर नाकाला लावून वाचायची."

तिचे कान तापले. इतके दिवस हेच ऐकायचं होतं. ती चाकापाशी बसली, व्हॉल्व्हवर बोट दाबलं. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली, आणि टायर तिच्या डोळ्यांदेखत खाली बसू लागला. तिचं बोट आपोआप सुटलं.

भरलेल्या गाडीत हवा कमी ठेवली तर टायर तापतो. तापला की फुटतो, तोही नेमका वेगात. गप्प राहावं तर हा रस्त्यावर जाईल. सांगावं तर हिला वेड लागलंय म्हणेल आणि पुन्हा फिरकणार नाही.

"मी नाही कमी करणार," ती म्हणाली. "गाडी रिकामी नाहीये."

 तिने त्याला चाकापाशी बसवलं, नक्षीवरून बोट फिरवून झीज दाखवली, मागचा दबलेला भाग दाखवला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ते… माझ्यावर रागावलेत?"

"रागावलेली माणसं दोन वर्षं बरोबर हिंडतात होय?"

तेवढ्यात मागच्या काचेवर करकर आवाज झाला. आतल्या वाफेत एक रेघ उमटली, मग दुसरी. गोल चेहरा, दोन वेण्या आणि नाकावर मोठ्ठा चष्मा.

त्याने काचेला बोट लावलं. "बहीण काढायची असे चेहरे. फक्त आवडत्या माणसांचे." मग हळूच म्हणाला, "मी चष्मा लावत नाही."

तिने आपल्या वेण्या चाचपल्या. भीती वाटत होती, आणि हसूही येत होतं.

"पुढच्या सीटवर कोण बसायचं?"

"कोणीच नाही. आई कायम मागे. म्हणायची, ती जागा सुनेची, मला तिथली सवय नको."

तिने नळी ओढली. मागच्या चाकांत हवा पुन्हा छत्तीसवर आणली, पुढच्या दोन्ही चाकांत दोन-दोन वाढवली. "सासूबाईंना खाली उतरवून संसार थाटायचा नाहीये मला. पाच जणांची भरलीय. आता उशीर करू नकोस."

ती पुढे बसली. त्याने आरसा खाली वळवला आणि त्यात पाहिलं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

तो डोळे पुसत हसला. "सगळे तुझ्याकडेच बघतायत."