झाकणाच्या आतली खूण

भिंगारच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावल्यावर जे दिसतं तेवढंच खरं मानायचं, ही माझी सवय. एकाहत्तर साली छावणीतल्या लोकांना परदेशी घड्याळांचं वेड लागलं होतं. ती गोदीवरून चोरून येत. पुंजाराम नावाचा ट्रकड्रायव्हर ती जेवणाच्या डब्यात लपवून माझ्याकडे आणी. पावती नाही, हमी नाही. मी उघडून, तपासून गिऱ्हाइकाला देई.

एका दुपारी त्याने आणलेलं जुनं स्विस घड्याळ मी उघडलं. दुरुस्ती केली की कारागीर झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरतो, वर तोंडाची वाफ सोडून पुसून घेतो. इथे चंद्रकोर होती, तिच्या पोटात दोन टिंबं, आणि शेवटचा फराटा उलट्या बाजूला ओढलेला. माझे अब्बा डावखुरे होते. ही त्यांचीच खूण. खाली लिहिलं होतं, मे १९५३.

अब्बा बेचाळीस साली पलटणीचे घड्याळजी म्हणून बसऱ्याला निघाले होते. जहाज बुडाल्याची तार आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. नातेवाइकांनी अम्मीला बांगड्या उतरवायला सांगितलं. "मी मय्यत बघितली न्हाई," एवढंच ती म्हणाली, आणि एकोणतीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकत राहिली.

मी झाकण तिच्या हातात दिलं. तिने अंगठ्याने खूण चाचपली.

"म्हंजी त्रेपन साली हुते," ती म्हणाली आणि हसली. तिचं असं हसू मी विसरूनच गेलो होतो.

पुढच्या खेपेला पुंजाराम आला, तेव्हा अम्मीने त्याला बसवून गोड भात वाढला. तो अवघडला.

"मावशी, चोरीचा माल हाय ह्यो. कुनाचा, कुठला, मला काय ठावं?"

"तुझ्या हातून आलं ना, बाबा. अल्ला तुला सुखी ठेवो."

तेव्हापासून मी मिळेल ते घड्याळ घेऊ लागलो. धाड पडली असती तर दुकान गेलं असतं, तरी घेत राहिलो. दिवाळीच्या सुमारास दुसरं सापडलं. तीच चंद्रकोर. साल १९६९.

"जवळ यायला लागले," अम्मी म्हणाली.

"अम्मी, घड्याळं येतात."

त्या दिवशी तिने पुंजारामसाठी नवा सदरा शिवायला टाकला.

फेब्रुवारीत त्याने कोरं घड्याळ आणलं. पाठीवरची कारखान्याची चिकटपट्टीसुद्धा शाबूत होती.

"बाबाजानभाई, परवाच पेटी फुटली गोदीवर. अजून कुनी हात लावला न्हाई."

"यात काही नसणार, अम्मी. नवं आहे."

"उघड तरी."

मी पट्टी फाडली. झाकण घट्ट होतं. जोर लावून फिरवलं.

आत चंद्रकोर होती.

खाली त्याच दिवसाची तारीख.

अम्मीने माझा हात धरला. "शुकर हाय," ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

मी झाकणाकडेच बघत होतो. पोलादावर कुणीतरी तोंडाने सोडलेली वाफ धरली होती, आणि ती कडेकडून हळूहळू आटत होती.