मनुबाईचा हात

रिपोर्ट आणायला मी हॉस्पिटलात गेले तो मंगळवार होता. बाळकुमहून रिक्षाने वीस मिनिटं. सोबत कुणी नको म्हटलं आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, सान्वीला, रंगूबाई आत्याकडे ठेवलं.

आमच्या कोळीवाड्यातल्या घरात हा आजार चार पिढ्यांचा. आधी हात आपोआप हलायला लागतात, हवेत जाळं विणल्यासारखे. मग चालणं, बोलणं, डोकं, सगळंच जातं. आजीचे, मनुबाईचे, हात हलू लागले तेव्हा लोकांनी ठरवलं, अंगात देवी आली. दर मंगळवारी तिला पाटावर बसवायचे, तळव्यांना ओली हळद फासायचे, ओटी भरायचे. औषधाचं नाव नाही. जायच्या आदल्या मंगळवारी तिने माझ्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. "गादी दिली," लोक म्हणाले. चाळिशीत बाबांचेही हात विणायला लागले, मग तेही गेले. या लोकांचा मला अजून राग येतो.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गादीबिदी काही नसते. दोष रक्तातून उतरतो. तुमच्यात नसेल तर तुमच्यामार्फत मुलीत येऊच शकत नाही.

माझ्यात नव्हता. कागद तीनदा वाचला आणि तिथल्या जिन्यात बसून पोटभर रडले. सान्वी सुटली होती.

परतले तेव्हा भर दुपारी आत्याच्या खिडक्या बंद होत्या. आत्या बाहेर पायरीवर बसलेली.

"आत्या, मी सुटले. सान्वीपण."

तिने वर पाहिलं नाही. "तुला कुठं दिलेली, पोरी... गादी रिकामी नाय र्‍हात."

आत अंधार होता, ओल्या हळदीचा वास होता. सान्वी आजीच्या पाटावर एकटीच बसली होती. तिची बोटं हवेत भराभर चालली होती; गाठ मार, दोरा ओढ, पुन्हा गाठ. जाळं विणताना तिने कधी कुणाला पाहिलेलं नाही.

"आत्याने बसवलं का गं तुला?"

"नाही."

मी तिचे हात घट्ट धरले. ते माझ्या मुठीत हलतच राहिले.

"थांबव ना, सानू..."

"मी नाही करत, आई."

तिला जवळ ओढून मी तिच्या केसांवर हात ठेवला. तळव्याला गार, ओलं काहीतरी लागलं.

"हळू," सान्वी म्हणाली. "तिचा हात आहे तिथे."