शेपटाकडचा भार

काटेवाल्यांचा तोलावर जेवढा भरवसा होता, तेवढा माणसांवर नव्हता. छत्तीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केलेले. बोटांना चिमूटभर फरकही कळायचा. मुलगी जाऊन आठ महिने झाले होते. तिनं बनवलेलं मॉडेल विमान अजून तिच्या टेबलावरच होतं. दोन सारखे पंख, एक पुढे, एक मागे. आराखड्यात सगळी मापं होती, फक्त तोल कुठे धरायचा त्याची खूण नव्हती. तिथे तिच्या अक्षरात लिहिलेलं, ‘बाबा काढतील.’

‘‘एकदाचं उडवा ते,’’ बायको म्हणाली. ‘‘मग मी खोली आवरायला घेते. असं कुलूप लावून किती दिवस कुढायचं?’’

त्यांनी दोन पंखांच्या बरोबर मधोमध खूण केली. काटेवाल्याला दुसरं काय सुचणार? पारडी सारखी, तर दांडी मधोमध धरायची.

मॉडेलच्या दुकानातला माणूस हसला. ‘‘काका, मागच्या पंखाला पुढच्यानं ढवळलेली हवा मिळते. तो कमी उचलतो. तोल थोडा पुढेच हवा, नाहीतर नाक वर करून आपटेल.’’

काटेवाले ओशाळले. घरी येऊन त्यांनी खूण दोन बोटं पुढे सरकवली, नाकात शिसं भरलं आणि विमान खुणेवर दोन बोटांनी तोललं. सपाट राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट खाली गेलं.

त्यांनी विमान काट्यावर ठेवलं. वजन कालचंच, ग्रॅमचाही फरक नाही. शिसंही जागच्या जागी. मग तोल ढळला कसा? त्यांनी आणखी शिसं भरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी नाकात जागाच उरली नाही.

‘‘खोलीत गेली होतीस?’’

‘‘मी कशाला जाऊ? किल्ली तुमच्याच खिशात असते.’’

सहाव्या दिवशी भर दुपारी त्यांनी विमान पुन्हा बोटांवर घेतलं. लबाड दुकानदार पारडं बोटानं दाबतो, तेव्हा ते बारीक थरथरतं. वजन कधी थरथरत नाही.

शेपूट थरथरत होतं.

‘‘सोड गं,’’ ते म्हणाले. ‘‘सोड, पोरी. आम्हाला आता सोसवत नाही.’’

थरथर थांबली. शेपूट वर आलं.

नंतर भरलेलं शिसं त्यांनी काढून टाकलं. विमान खुणेवर सपाट राहिलं. डोळे पुसून ते तसेच मैदानावर गेले आणि विमान सोडलं. ते सरळ गेलं, लांबवर, आणि गवतात अलगद टेकलं. हवेत होतं तेवढा वेळ त्यांना खरंच वाटलं, सुटलो.

घरापर्यंतचा रस्ता मात्र सरता सरेना.

बायकोनं दार उघडलं. ‘‘उडालं?’’

‘‘उडालं.’’

‘‘मग असे वाकून का चालताय?’’

ते ताठ व्हायला गेले आणि दोन पावलं मागे कलंडले. पुन्हा वाकले, तेव्हा कुठे तोल सावरला. कॉलर गळ्याला काचत होती.

ती सैल करायला बायको त्यांच्या मागे गेली. पुढे केलेला हात तिनं हळूच मागे घेतला.

‘‘अहो,’’ ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘हलू नका. आत्ताच डोळा लागलाय तिचा.’’