तीन पानांवरचं चिन्ह

मला हवी असलेली शारदा लिपीतली पोथी त्या अनोळखी मुलाच्या टेबलावर होती.

"हात धुतले?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मी मागे फिरून हात धुऊन आले. तेव्हा कुठे त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

तो शेन. ठाण्यातल्या त्या लहानशा संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करायचा. पोथ्यांचे फोटोही त्यानंच काढलेले. मी विठ्ठलवाडीहून यायचे. ही जुनी लिपी कॉम्प्युटरवर नीट उमटावी म्हणून अक्षरांच्या डोक्यावर बसणारी स्वरचिन्हं गोळा करत होते. त्याच्या फोटोंत मला एक असं चिन्ह दिसलेलं, जे कुणीच नोंदवलं नव्हतं – गोल, काळं, लागोपाठ तीन पानांवर. ही चिन्हं कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात घ्यावीत, असा प्रस्ताव मी पाठवणार होते. त्याचा मुख्य भर त्यावरच होता.

पोथीजवळ चहाला बंदी, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर प्यायचो.

"एका टिंबासाठी एवढी धावपळ?"

"टिंब नाही. चिन्ह."

"सॉरी, चिन्ह." मग हळूच, "तुझ्या कपाळावर पण एक आहे..."

"ते नोंदवायची गरज नाही."

"मी नोंदवलंय की."



प्रस्ताव पाठवायच्या आदल्या दिवशी त्यानं ती तिन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरली. माझ्या चिन्हातून उजेड आला.

"कसर लागलीय, वर्षाली. एकाच किड्यानं तिन्ही पानं पोखरलीत. फोटो काढताना मी खाली काळा कागद ठेवलेला, म्हणून भोक काळं दिसलं. चूक माझी."

"कधी कळलं?"

"आत्ता, पानं सुटी केल्यावर. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. तू रागावशील, परत येणार नाहीस... हे पण डोक्यात आलं."

"मग का सांगितलंस?"

"तुझं नाव असणार ना त्याच्यावर."

मी लॅपटॉप उघडला. ते चिन्ह काढलं. उरलेली साधीच होती, पण इतर पोथ्यांतही सापडलेली. खरी. प्रस्ताव तिथूनच पाठवून दिला.

"म्हणजे इकडचं काम संपलं?"

"हो."

"अगं, पुढच्या महिन्यात नवीन पोथ्या येतायत..."

"पोथीचं निमित्त नको, शेन. मी रविवारी येईन. संग्रहालय बंद असतं तेव्हा."

"कोलशेतला चल मग, आमच्या घरी. मम्मी जेवल्याशिवाय सोडणार नाही हां. तिला आधी सांगावं लागेल."

"काय सांगशील?"

"हेच... वर्षाली येतेय."

"तेवढंच?"

त्याचे कान लाल झाले. "सांगेन, मला आवडते ती."

"आधी मला सांग," मी म्हणाले.

त्यानं सांगितलं.