डाव्या कानापुरतं गाणं

"तुमचे हेडफोन बिघडलेत," तो म्हणाला. "उजवी बाजू वाजत नाही."

ऑक्टोबरातली दुपार होती. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असलं काहीतरी पडत होतं, आणि उत्तरेकडच्या औलू शहरातल्या लायब्ररीत, कम्प्युटरच्या कोपऱ्यात, माझ्या टेबलासमोर तो उभा होता. उंच, लोकरीची टोपी अजून डोक्यावर, खांद्यांवर थेंब. मी त्याला दुसरे हेडफोन दिले. पाच मिनिटांनी तो परत आला.

"हेही बिघडलेत."

"मग तूच बिघडलेला आहेस. हेडफोन नाहीत."

"आई पण हेच म्हणते," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याने मान थोडी वळवली, डावा गाल माझ्याकडे केला. मला ते लाजणं वाटलं...

मी उठून त्याच्या खुर्चीपाशी गेले. स्क्रीनवर गाण्याचा प्लेअर होता, त्याला त्याने घरून फ्लॉपीवर आणलेलं एक प्लगइन जोडलं होतं. जुन्या मॉड्यूल फाइली साध्या प्लेअरवर वाजत नाहीत, त्यांना ते लागतं. त्या फाइलीत गाणं रेकॉर्ड केलेलं नसतंच. वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे असतात आणि कुठला तुकडा कधी, किती उंच सुरात वाजवायचा याच्या आकड्यांच्या चार उभ्या ओळी. वाजवताना गाणं दरवेळी नव्याने जुळवलं जातं. हे सगळं त्याने मला नंतर शिकवलं. त्या दुपारी मी नुसते हेडफोन कानाला लावले.

"वाजतंय की. डावीकडे ढोल, आणि उजवीकडे बासरी. छान आहे बासरी."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"ती मीच घातलीय," तो म्हणाला. "ती उजवीकडेच असते."

त्याने हेडफोन घेतले, उलटे करून घातले, डावी बाजू उजव्या कानावर. थोडा वेळ ऐकलं.

"आता बासरी आली," तो हळूच म्हणाला. "ढोल गेला."

मी हसले. खरंच हसले, कारण मला ते कोडं वाटलं होतं. तो हसत नाहीये हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. घरी तो स्पीकरवर ऐकायचा. एक कान कधी विझत गेला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. ते त्याला माझ्यासमोर कळलं, आणि मी हसले होते.

त्याचं नाव यार्को. पंचवीस वर्षांचा, मोबाइल बनवणाऱ्या एका कारखान्यात पाळीवर. लहानपणापासून अशी गाणी रचायचा. मी मेर्वी, बावीस वर्षांची.

तो दोन आठवडे आला नाही. मी मात्र रोज काम आटपल्यावर त्या तीन नंबरच्या मशीनवर बसायचे. प्लगइन तिथेच राहिलं होतं, आणि त्याची एक फाइलही. सेटिंगच्या खिडकीत शिरून एकेक बटण दाबून पाहायचे. काय शोधत होते ते मलाच माहीत नव्हतं. आठवडाभराने एक सरकपट्टी सापडली. डाव्या-उजव्या बाजू एकमेकींपासून किती दूर ठेवायच्या, ते तिच्यावर ठरायचं. मी ती ओढत ओढत शून्यावर आणली, आणि ढोल नि बासरी दोन्ही दोन्हीकडून वाजू लागली.

तो आला तेव्हा हातात कागदी पिशवी होती, वेलदोड्याच्या गोड पावांची.

"डॉक्टर म्हणाले, उजवा गेला. कायमचा," तो म्हणाला. "पाव गरम आहेत."

"बस इथे," मी म्हटलं.

त्याने हेडफोन लावले. मी फाइल चालवली. त्याचा चेहरा मी शेजारून पाहत होते... पापण्या मिटल्या, ओठ किंचित उघडले, आणि टेबलावरची बोटं हलायला लागली. गाणं संपलं तरी त्याने हेडफोन काढले नाहीत.

"चारही वाद्यं एकाच खोलीत आली," तो म्हणाला. "तू केलंस हे?"

"एक पट्टी सरकवली फक्त."

"लायब्ररीत सगळ्यांसाठी करतेस?"

"जे पाव आणतात त्यांच्यासाठी."

"मग उद्या मासे आणतो."

"लायब्ररीत मासे चालत नाहीत."

"म्हणजे बाहेर भेटावं लागेल," तो म्हणाला. आणि कान लाल झाला त्याचा. डावा.

नोव्हेंबरपासून आम्ही बाहेर भेटत होतो. समुद्र गोठला तसे त्यावर चालायला लागलो. दुपारी तीनलाच अंधारायचं, किनाऱ्यावर दिवे लागायचे, कागदगिरणीचा वास वाऱ्याबरोबर यायचा. मी उजवीकडे गेले की तो मागून वळसा घालून यायचा आणि मला डावीकडे घ्यायचा. असं करताना हातमोज्यातला हात क्षणभर माझ्या पाठीवर टेकायचा. एकेकदा मी मुद्दाम चुकीच्या बाजूला जायचे...

"पुन्हा तिकडे गेलीस?"

"विसरते मी."

"लायब्रेरियन आणि विसरते?"

तुइरा भागातल्या त्याच्या खोलीत तो नवं गाणं रचत होता. मी खुर्चीच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसायचे. चुकलं की सांगायचे. बहुतेक काही चुकायचं नाही, पण सांगायला बरं वाटायचं.

जानेवारीत एका संध्याकाळी त्याने गाणं मध्येच थांबवलं.

"झांज वाजतेय का?"

"वाजतेय."

"मला नाही आली."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग वाढवल्या. डावाही जाणार होता. किती दिवसांत ते कोणी सांगेना. त्याला एक सवय लागली: प्लगइनमध्ये एकेक वाद्य वेगळं चालू करून पाहायचं, अजून कोण उरलंय. आधी झांज गेली. मग बासरीचे वरचे सूर, मग अख्खी बासरी. रोज संध्याकाळी एक घर रिकामं झाल्यासारखं.

"काही सांगायचं असलं ना मेर्वी," तो एकदा म्हणाला, चेष्टेत म्हणाल्यासारखं, "तर लवकर सांग. या कानाला मुदत आहे."

"काय सांगायचंय? तुझे मोजे ओले आहेत."

"हे ऐकू आलं."

मला सांगायचं होतं. पण आमच्या घरी ते कोणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आई म्हणायची, बटाटे उकडून समोर ठेवले की झालं, वेगळं काय बोलायचं? प्रेम हा शब्द आमच्याकडे वरच्या फळीवर ठेवलेल्या चांगल्या बशांसारखा, पाहुणे आले तरी खाली निघत नाही. मी रोज म्हणायचे, उद्या. जिन्यावर दोनदा ओठांपर्यंत आलं, आणि मी म्हटलं, जपून उतर, घसरडं आहे.

फेब्रुवारीत तो बदलला. मी बोलले की ओठांकडे बघायचा, आणि न कळलं की भिंतीकडे.

"तू का येतेस?" त्याने विचारलं.

"यावंसं वाटतं."

"काय?"

"यावंसं वाटतं," मी मोठ्याने म्हटलं.

"बघ. ओरडायला लागलीस. बावीस वर्षांची आहेस, उरलेलं आयुष्य माझ्याशी ओरडण्यात घालवशील? दयेनं येत असशील तर नको येऊस."

"दया नाही ती."

"मग काय आहे?"

आत्ता. आत्ता म्हणायला हवं होतं. मी कोट उचलला. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू नये म्हणून जिना धावत उतरले. नऊ दिवस गेले नाही. तो बोलावील असं वाटलं. रुसवा होता, दुसरं काही नाही... आणि नऊ दिवस म्हणजे काय, असंच वाटत होतं.

दहाव्या दिवशी दार त्याच्या आईने उघडलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात घडी घातलेला स्वेटर होता.

"मेर्वी ना तू?" ती म्हणाली. "गेल्या गुरुवारी सकाळी उठला तो... काहीच नाही. मी नेतेय त्याला, आमच्या गावी, कुह्मोला. ये आत. त्याला कळणार नाही तू आलीस ते, समोर जा."

तो स्क्रीनसमोर बसला होता. स्पीकर आधीच खोक्यात गेले होते. आकड्यांच्या चार ओळी खालून वर सरकत होत्या, आणि तो त्या वाचत होता. मी समोर गेले. तो दचकला.

"संपवलं मी," तो म्हणाला, फार मोठ्या आवाजात. स्वतःचा आवाज त्याला मोजता येत नव्हता. "शेवट आकड्यांवर लिहिला. बरोबर आहे का माहीत नाही."

मी माझे हेडफोन लावून ऐकलं. शेवटी बासरी एका सुराने खाली पडत होती. त्याने चुकून दुसरा आकडा लिहिला होता, की मुद्दाम, कोण जाणे. तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

मी मान हलवली. बरोबर आहे.

शनिवारी सकाळी बसस्टँडवर लख्ख ऊन होतं, मार्चातलं, बर्फावरून उसळून डोळ्यांत जाणारं. त्याची आई बसमध्ये जाऊन बसली होती. ड्रायव्हर सामान ठेवत होता. मी यार्कोची टोपी वर सरकवली, टाचा उचलल्या, आणि त्याच्या डाव्या कानाला ओठ टेकवून म्हटलं,

"माझं तुझ्यावर प्रेम आहे."

तो हलला नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हटलं. त्याने डोळे मिटले, त्या दुपारी हेडफोन लावून मिटले होते तसे. तिसऱ्यांदा म्हणताना मी फक्त ओठ हलवले.

"गरम लागतंय," तो म्हणाला. "नुसतं गरम लागतंय, मेर्वी."

मी पर्स उघडली, पेन काढलं, चाचपडत एक कागद शोधला. त्याने माझं मनगट धरलं. आता तो हळू बोलला, इतका हळू की मलाच वाकावं लागलं.

"नको. लिहिलंस तर मी बसमधून उतरून येईन. आणि मला यायचं नाहीये."

ड्रायव्हरने डिकी लावली. यार्कोने मनगट सोडलं आणि तो पायरी चढला. खिडकीपाशी बसला, माझ्याकडे बघत होता. पेन माझ्या हातात होतं. कागदही होता. काचेवर धरला असता तरी चाललं असतं, चार शब्द, केवढा वेळ लागतो. बस मागे आली, वळली, फाटकाशी थांबली. मी तिथेच उभी होते.

सात वर्षं झाली त्याला. तो तिकडे झाडांच्या रोपवाटिकेत काम करतो असं कोणीतरी सांगितलं. मी त्या दिवशी त्याचं ऐकलं, असं मी स्वतःला सांगते. बाकी कुणाला नाही सांगत, कारण ते लगेच ओळखतील की मी घाबरले होते.