मोठ्या ढोलीतला धूर

गाडी किनाऱ्याचं शेवटचं वळण घेऊन रेडवुडच्या रानात शिरली आणि समुद्राचा आवाज एकदम बंद झाला. मागच्या सीटवर इनेझ, तिचा धाकटा भाऊ ब्रूनो आणि मावसभाऊ थिओ खिडक्यांना नाक लावून बसले होते. शंभरेक वर्षांपूर्वी एक शिक्षिका खेचराच्या गाडीतून याच किनाऱ्याने उत्तरेला गेली होती, आणि त्या प्रवासाचं तिने पुस्तक लिहिलं होतं. लूर्डिसमावशीचं ते फार लाडकं. यंदाच्या सुट्टीत मुलांना घेऊन ती त्याच वाटेने निघाली होती. बाई जिथे थांबली तिथे थांबायचं, बाईने जे खाल्लं ते खायचं. शिंपल्यांचं सूप आणि ब्लॅकबेरी पाय मिळत असल्यामुळे पुस्तकाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

आज बघायचं होतं ते एक पोकळ झाड. मुसळधार पावसात बाई खेचरासकट त्याच्या ढोलीत रात्रभर राहिली होती.

मावशी वाहनतळाच्या बाकावर पुस्तक उघडून बसली आणि तिने मुलांना पुढे पिटाळलं. उंच नेच्यांमधून पायवाट जात होती. समुद्रावरून आलेलं धुकं झाडांमधून आडवं सरकत होतं. ब्रूनो मध्येच थांबला आणि हवेत नाक फिरवू लागला.

"सॉसेज," तो म्हणाला.

"तुला झोपेतसुद्धा सॉसेजच दिसतात," थिओ म्हणाला.

पण इनेझलाही वास आला. पुढच्या वळणावर ते झाड उभं होतं, एखाद्या घराएवढं रुंद. ती मान मागे टाकून वर बघत राहिली. सगळं धुकं आडवं चाललं होतं, पण या झाडाच्या वरच्या एका भोकातून एक करडी रेघ सरळ वर जात होती.

"ते धुकं नाही," ती हळूच म्हणाली.

ढोलीत ओली राख होती. कुणीतरी पाणी ओतून शेकोटी विझवली होती. पण आतल्या भिंतीला हात लावताच थिओने तो झटकन मागे घेतला. विस्तव लाकडात शिरला होता आणि आतल्या आत वर चढत होता.

तिघं धावत परत आली. मावशीने पुस्तकातून डोकं न काढता सांगितलं, की या किनाऱ्यावर धुकं असंच दिसतं. फोनला रेंज नव्हती. शेजारी दोन दाढीवाले तरुण घाईघाईने जीपमध्ये सामान भरत होते. तुम्ही झाडात काही शिजवलंत का, असं थिओने विचारलं, तेव्हा आपण त्या बाजूला फिरकलोच नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं.

इनेझ दोन पावलं पुढे झाली. आवाज तिने अगदी गोड ठेवला. "मग तो कंदील दुसऱ्या कुणाचा तरी असेल. छान पितळी आहे. ढोलीत राहिलाय. आम्ही तो रेंजरकडे देऊन टाकतो."

"कसला कंदील?" त्यातला उंच तरुण म्हणाला. "आम्ही ढोलीतून सगळं उचललं, आग विझवली आणि..."

दुसऱ्याने कपाळावर हात मारला.

मावशीने पुस्तक मिटलं. ती उठून उभी राहिली आणि आता तिलाही झाडांच्या शेंड्यांवरची ती सरळ रेघ दिसली. "इनेझ, माझं चुकलं," ती म्हणाली. "काय करू ते सांग."

रेंजरची चौकी रस्त्यावर खालच्या बाजूला होती. मावशी ब्रूनोला घेऊन तिकडे सुसाट गेली. इनेझने तरुणांकडून त्यांची बर्फाची पेटी रिकामी करून घेतली. ओढ्यातून पाणी भरायचं आणि ढोलीत ओतायचं, अशा खेपा सुरू झाल्या. ते दोघंही आता राबत होते. थिओ पाणी कुठे मारायचं ते ओरडून सांगत होता. पाणी पडलं की भिंत फुसफुसायची, पण वरचा धूर काही थांबत नव्हता. इनेझचे हात भरून आले. झाड हातचं जातं की काय, या विचाराने तिचे डोळे चुरचुरू लागले, आणि ते काही नुसत्या धुरामुळे नव्हतं.

तेवढ्यात पंप आणि लांब नळी घेऊन रेंजरची माणसं आली. संध्याकाळपर्यंत पाण्याचा मारा चालला. मग ती करडी रेघ बारीक झाली, तुटली आणि दिसेनाशी झाली.

होल्कम नावाच्या रेंजरबाईने खोडाला तळवा लावून बराच वेळ अंदाज घेतला. त्या तरुणांना जबर दंड होणार, हे तिने त्यांना तिथेच बजावलं. मग ती मुलांकडे वळली.

"धुक्यात धूर ओळखणं आम्हालाही जमत नाही," ती म्हणाली. "अजून तासभर गेला असता, तर हे झाड गेलं असतं. तुम्ही होतात म्हणून वाचलं."

तिघांची तोंडं काजळीने माखली होती, पण हसू काही लपत नव्हतं. ब्रूनोने झाडाला मिठी मारली. त्याचे हात कुठेच पुरेनात, म्हणून इनेझने त्याचा हात धरला, थिओने तिचा, आणि मग मावशीही आली. रेंजरबाईने टोपी काढून ठेवली आणि पलीकडून हात दिला. ते दोघं तरुण ओलेचिंब होऊन बाजूला उभे होते. इनेझने त्यांनाही हाक मारली. एवढी माणसं हातात हात घालून झाडाला बिलगली, तरी वेढा काही पुरा झाला नाही.