भुताटकी : पत्नीच्या तोंडून

कोशाच्या कामात माणूस शब्दांना भीत नाही हो, कंटाळतो. एकतीस वर्षं मी चिठ्ठ्याच लिहिल्या. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वापराचं एक वाक्य. आमच्याकडे नियम असा, की ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच हवं, मनचं चालायचं नाही. कोण बोललं, कधी बोललं, तेही लिहायचं.

त्या दुपारी ‘भुताटकी’ अडून बसली होती. भुताखेतांचा वावर, असा अर्थ केव्हाच लिहिला होता, वाक्य मिळेना. खरं तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. बायको दीड महिना अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कुणी नाही. दोनला येतो, असं तिला कबूल करून निघालो होतो.

“एवढी भुताटकी उरका आणि जा,” संपादकबाई म्हणाल्या. “पानं छापायला जायचीत.”

मी पार वैतागलो. म्हटलं, कोण बघतंय! आणि खुशाल मनचं वाक्य ठोकून दिलं: ‘अहो, घरात भुताटकी आहे, दुपारी कुणीतरी माझ्या उशाशी येऊन बसतं.’ खाली लिहिलं: पत्नी, आज, दुपारी दोन. तरी बाईंनी आणखी गठ्ठा गळ्यात मारलाच. निघायला पाच वाजले.

दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत औषधांचा वास... सगळं गप्प. बायको उशीला टेकून बसली होती, नीट वेणी घालून.

“उशीर झाला गं. चिडलीस?”

“उशीर कसला? दोनला आलात की! हात धरून बसलात. माझ्याकडून कसलंसं वाक्य म्हणवून घेतलंत... लिहून घेतलंत.”

मी विचारलं, “आणि... मग?”

“मग उठलात. उद्या न्यायला येतो म्हणालात.” ती चक्क लाजली. “कुठे, ते नाही सांगितलंत. अहो, असे काय बघताय?”

मी आलोच नव्हतो, हे सांगायला जीभ रेटेना. दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसत होती.

भिंतीशी तिची प्रवासाची पिशवी होती. गच्च भरलेली. उघडून पाहिली, तर आत फक्त तिचेच कपडे, घड्या घातलेले. ही पिशवी आम्ही माळ्यावर ठेवतो. आणि बायकोला पलंगावरून पायसुद्धा खाली टाकता येत नाही.